म्हैस भादरतात, मग कुत्रा का नाही?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या कोल्हापुरात राजारामपुरी परिसरातील एका सदनिकेत पती, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासह राहतात आणि नोकरी करतात. चार वर्षांपूर्वी पतीने हौसेने फिकट पिवळ्या रंगाचे लॅब्रॅडोरचे पिल्लू घरी आणले. ओळख उघड होऊ नये म्हणून आपण त्याला मोती म्हणू. होळीपासून मोतीचे केस इतके गळत आहेत की पहाटे झाडलेली फरशी ऑफिसला निघेपर्यंत पुन्हा केसांनी भरते. देवघरात आणि एकदा नैवेद्याच्या ताटात केस सापडल्यापासून सासूबाईंनी मोतीला घरात ठेवण्यासच हरकत घेतली आहे. मुलीला रात्री खोकला येतो आणि तो केसांमुळेच येतो, अशी सगळ्यांची खात्री झाली आहे. ऊन वाढण्याआधी मोतीला यंत्राने पूर्ण भादरून घ्यावे, असे पतीचे म्हणणे आहे, "म्हैस भादरतात, मग कुत्रा का नाही?" असे ते विचारतात. दीर त्याला राधानगरीकडच्या आपल्या शेतावर न्यायला तयार आहेत. एका ओळखीच्याने केस गळणे थांबवणारे इंजेक्शन सुचवले आहे. मोतीचा आहार सकाळी दूध-चपाती, रात्री दूध-भात आणि रविवारी मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी असा आहे. शेवटी त्या लिहितात : "केस गळणे कायमचे थांबवायचा उपाय सांगा, नाहीतर त्याला शेतावर पाठवताना मन घट्ट कसे करायचे ते तरी सांगा."

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो. केस गळणे कायमचे थांबवायचे किंवा मोतीला घराबाहेर काढायचे, अशा दोनच वाटा तुम्हाला दिसत आहेत. त्यांतली पहिली वाट मुळात नाहीच, आणि दुसरीवर जाण्याची वेळ अजून आलेली नाही, असे माझे मत आहे. निरोगी लॅब्रॅडोरचे केस गळणे बंद करणारी गोळी, तेल, शाम्पू किंवा इंजेक्शन नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. मात्र गळायचेच असलेले केस फरशीवर पडावेत की ब्रशमध्ये अडकावेत, आणि ते तुम्ही एकटीनेच गोळा करावेत की घरातल्या आणखी कोणी, हे बऱ्याच अंशी ठरवता येते. माझे सगळे उत्तर या ठरवता येण्याजोग्या गोष्टींविषयी आहे.

आधी मोतीच्या अंगावर काय आहे ते समजून घ्या. नाव लॅब्रॅडोर असले तरी या जातीचे मूळ कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांत आहे. तिथून ती ब्रिटनमध्ये गेली, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गारठलेल्या पाण्यात उडी घेऊन मासे आणि जाळी ओढून आणणाऱ्या कुत्र्याला जे पांघरूण लागेल, तेच मोतीच्या अंगावर आहे. वर आखूड, राठ, किंचित तेलकट केसांचा थर, जो पाणी आत शिरू देत नाही. आणि त्याखाली दाट, मऊ लव, जी ऊब धरून ठेवते. यांतला प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग नुसता रुतून राहतो आणि अखेर सुटतो. माणसाच्या डोक्यावरचे बहुतेक केस कोणत्याही वेळी वाढत असतात. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर मात्र बहुतेक केस वाढ संपवून सुटण्याची वाट पाहत असतात. सुटण्याचा इशारा त्यांना मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळतो. न्यूफाउंडलंडमध्ये वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सात तासांहून अधिक फरक असतो, म्हणून तिकडे केस टाकण्याचे दोन ठळक हंगाम असतात. कोल्हापुरात हा फरक सुमारे दोन तासांचाच आहे, आणि त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. त्यामुळे आपल्याकडे ही कुत्री वर्षभरच केस टाकत राहतात, आणि होळीनंतर व पुन्हा दसऱ्याच्या सुमारास ते प्रमाण वाढलेले दिसते. होळीपासून तुमच्या घरात जे चालले आहे त्याचे एक साधे कारण हे असू शकते. एकमेव कारण हेच आहे का, ते तपासायचे कसे, हे पुढे सांगतो.

आता तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे वळतो. तो मला आवडला, कारण तो पक्क्या कोल्हापूरकराला पडणारा प्रश्न आहे. पशुवैद्यक म्हणून माझी निम्मी नोकरी करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गोठ्यांत गेली आहे. दिवाळीच्या पाडव्याला गवळी बांधव म्हशी भादरून, तेलाने चमकवून, शिंगे रंगवून आणि मोरपिसे बांधून मिरवतात, ते पाहतच आपण सगळे मोठे झालो. भादरल्याने म्हशीचे नुकसान होत नाही. उलट उवा आणि गोचीड चटकन दिसतात आणि अंग धुणे सोपे जाते. पण म्हशीच्या अंगावरचे केस मुळातच विरळ असतात आणि त्यांच्याखाली दाट लव नसते. तिची कातडी जाड आणि काळी असते, तो काळा रंग उन्हाचा मारा सोसतो, आणि अंगातली उष्णता घालवायला तिला डुंबण्यासाठी पाणी लागते हे गोठेवाल्याला ठाऊक असते. कुत्र्याच्या शरीराची रचना वेगळी आहे. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, तोही थोडासा. बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. म्हणून केस उतरवल्यावर आपल्याला जसे हलके आणि गार वाटते, तसे त्याला वाटेलच असे नाही. नीट विंचरलेल्या केसांच्या थरात हवा खेळती राहते आणि ऊन थेट कातडीवर येत नाही. फिकट रंगाच्या लॅब्रॅडोरची कातडी तर पुष्कळ ठिकाणी गुलाबी असते, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडी पडली तर ती भाजते.

शिवाय ज्यासाठी भादरायचे तो हेतूही साधत नाही. केस सुटतो तो मुळापासून. भादरल्यावर उरलेला अर्ध्या सेंटिमीटरचा खुंट तितक्याच संख्येने सुटत राहील, फक्त तो आखूड आणि टोकदार झालेला असेल. असे केस झाडूला येत नाहीत, ते सोफ्याच्या कापडात, सतरंजीत आणि मोज्यांमध्ये रुतून बसतात. पग किंवा बीगल पाळणाऱ्यांना विचारा; आखूड केसांचा कुत्रा कमी केस गाळतो या समजुतीने त्यांतल्या अनेकांनी ती जात निवडलेली असते आणि नंतर त्यांना वेगळाच अनुभव येतो.

यात एक धोका असा आहे की दुहेरी थराच्या कुत्र्याचे केस भादरल्यावर पूर्ववत येतीलच याची खात्री नसते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पॉमेरेनियनला ऐन मे महिन्यात भादरण्यास मालकांच्या आग्रहाखातर मीच संमती दिली होती. दिवाळी आली तरी त्याच्या पाठीवर केस नव्हते, आणि पुढे आले ते लोकरीसारखे गुंतणारे आणि ठिगळांसारखे. माझ्या होकारामुळे त्या मुक्या जिवाला वर्षभर सोसावे लागले, याची मला आजही खंत वाटते. त्यानंतर जखम, शस्त्रक्रिया, चिघळलेले चट्टे किंवा सुटूच न शकणारा गुंता यांखेरीज दुहेरी थराचा कुत्रा भादरा असे मी कोणालाही सांगितलेले नाही. पंजांमधले आणि शेपटीखालचे केस थोडे कातरायला हरकत नाही. पूडल, शिह त्झू किंवा ल्हासा आप्सो पाळणाऱ्या वाचकांनी मात्र हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. त्या जातींचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात आणि त्यांना ठरावीक काळाने कातरणी लागतेच.

आता तपासणी. केस गळणे हे हंगामी आहे की आजारामुळे, याचा अंदाज तुम्ही घरीच घेऊ शकता. गॅलरीत उजेडात मोतीला आडवे झोपवा आणि मान, पाठ, काखा, मांड्या आणि शेपटीचे मूळ या ठिकाणी बोटांनी केस फाकवून पाहा. केस मुठीमुठीने निघत असले तरी कातडी स्वच्छ असेल, कुठेही टक्कल दिसत नसेल, तो सारखा खाजवत किंवा चावत नसेल, खाणेपिणे आणि उत्साह नेहमीसारखा असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गोल चट्टे, लालसरपणा, पुळ्या, खपल्या, तेलकट वास किंवा कोंडा दिसला तर मात्र थांबू नका. गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते घरातल्या माणसांनाही होते. कानांच्या कडा आणि कोपर यांवर खपल्या आणि अनावर खाज असेल तर खरजेची शंका घ्यावी. तिचा एक प्रकार माणसालाही काही काळ त्रास देतो. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होणे, शेपटी उघडी पडणे, खाणे न वाढताही वजन वाढणे आणि सुस्ती ही थायरॉइडची लक्षणे असू शकतात, विशेषतः मध्यम वयात. पोट लोंबू लागले, पाणी पिणे आणि लघवी फार वाढली, तर दुसऱ्या एका ग्रंथीचा विकार तपासावा लागतो. मादी कुत्रीचे केस माजानंतर किंवा विण्यानंतर काही आठवड्यांनी खूप गळतात, ते बहुधा आपोआप भरून येतात.

पिसवांसाठी एक सोपी परीक्षा आहे. मोतीला पांढऱ्या कागदावर उभे करून शेपटीच्या मुळाशी बारीक फणीने विंचरा आणि खाली पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचा थेंब टाका. कण विरघळून तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. डाग उमटला नाही तर ती साधी धूळ. गोचीड मात्र बोटांनीच शोधावे लागतात. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात ते दडून बसतात. गोचिडांतून येणारा ताप आपल्या भागात सर्रास आढळतो आणि तो जिवावर बेततो. सुस्ती, ताप, पांढुरक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त यांतले काहीही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्हाला सुचवलेले इंजेक्शन कोणते ते पत्रात नाही, पण अशा वेळी सहसा दोन प्रकारची औषधे दिली जातात. एक गुरांसाठी वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन, आणि दुसरे स्टेरॉइड. पहिल्याची मात्रा चुकली तर कोणत्याही कुत्र्याच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि कोली वंशाच्या कुत्र्यांना तर ते थोड्या मात्रेतही घातक ठरू शकते. दुसऱ्याने खाज तात्पुरती दबते, पण ते वारंवार दिल्यास कातडी पातळ होऊन उलट केसच जातात. निदान झाल्यावर, वजन करून, जबाबदार डॉक्टरांनी दिले तर दोन्ही उपयोगी औषधे आहेत. केस गळतात एवढ्यावरून ती टोचून घेऊ नका. त्याच कारणासाठी फिनेल, रॉकेल किंवा गाडीचे जळके ऑइल अंगाला लावण्याचे जुने उपायही सोडून द्या. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जाते.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे त्याचे जेवण. केस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचा बनलेला असतो. तीसेक किलोच्या कुत्र्याला दूध-चपाती आणि दूध-भात यांतून पोट भरल्याचे समाधान मिळते, पण प्रथिने, जस्त आणि आवश्यक स्निग्ध पदार्थ पुरेसे मिळत नाहीत. मग केस निस्तेज होतात आणि लवकर सुटतात. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. रविवारचा रस्सा तर ताबडतोब बंद करा. आपल्या कांदा-लसूण चटणीच्या नावातच जे दोन पदार्थ आहेत, ते दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. ते शिजवले किंवा वाळवून कुटले तरी त्यांचा हा गुण जात नाही. रश्श्यातल्या शिजलेल्या हाडांचे कंगोरे निघतात आणि ते आतड्यात रुतू शकतात. मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी कच्चे कलेजे किंवा फुफ्फुस आणण्याची पद्धतही पुष्कळ घरांत आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या त्या अवयवांत कधी कधी जंतांच्या पाणीभरल्या गाठी असतात. त्या खाल्ल्यावर कुत्र्याच्या पोटात बारीक फीतकृमी वाढतात आणि त्यांची अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात. म्हणून मांस द्यायचे तर शिजवूनच द्यावे.

मोतीसाठी मी असे सुचवेन की एखादे संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे कोरडे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत मुख्य जेवण म्हणून सुरू करावे, आणि त्यावर बिनमसाल्याचे उकडलेले चिकन किंवा उकडलेले अंडे थोडेसे द्यावे. कच्चे अंडे देऊ नका. त्यातल्या पांढऱ्या भागामुळे बायोटिन हे केसांना लागणारे जीवनसत्त्व अडते. घरचेच जेवण द्यायचे असेल तर कॅल्शियमसह त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नुसते चिकन-भात वर्षानुवर्षे देणेही योग्य नाही. माशाच्या तेलातील ओमेगा-३ चा कातडीला आणि केसांना उपयोग होतो. जवसाच्या तेलाचा कुत्र्यांना तितका होत नाही, कारण त्यातील ओमेगा-३ चे उपयुक्त रूपांतर त्यांच्या शरीरात फारच थोडे होते. मात्रा वजनावर ठरते, जास्त झाल्यास जुलाब होतात, म्हणून तीही विचारून घ्या. आहारबदलाचा परिणाम नव्याने येणाऱ्या केसांवर दिसतो, त्यामुळे किमान दोन महिने धीर धरावा लागेल. आठवड्यात फरक नाही म्हणून पुन्हा दूध-भातावर येऊ नका.

आता ब्रशविषयी, कारण रोजच्या रोज जाणवणारा फरक इथेच पडेल. लॅब्रॅडोरसाठी दोन साधने पुरतात, एक रबरी दातांचा ब्रश किंवा हातमोजा आणि एक लव काढणारी लांब दातांची फणी. धारदार पात्याची महागडी साधने जपून वापरावीत, कारण जोर लागला की ती वरचे निरोगी केसही तोडतात. सध्याच्या दिवसांत रोज दहा-पंधरा मिनिटे आणि हंगाम ओसरल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावे. केस कोरडे असताना, वाढीच्या दिशेने, मानेपासून शेपटीकडे आणि शेवटी मांड्यांची मागची बाजू, या क्रमाने हात फिरवावा. मांड्यांच्या मागे लव सर्वांत दाट असते आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते. हे काम घरात न करता गॅलरीत किंवा गच्चीवर करा, आणि फरशी झाडण्याच्या आधी करा. तुम्ही पहाटे झाडता आणि दिवसभर मोती केस टाकत राहतो, म्हणून ती फरशी तुम्हाला पुन्हा पुन्हा भरलेली दिसते. निघालेले केस मोरीत सोडू नका, तिथे ते तुंबतात. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. पहिले पाच-सहा दिवस एवढे केस निघतील की आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटेल. ते सगळे केस एरवी तुमच्या फरशीवरच येणार होते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. माणसाचा शाम्पू नको. कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा कमी असते आणि आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. बादलीत जंतुनाशक द्रव ओतण्याची सवयही सोडा. आंघोळीआधी विंचरणे आवश्यक आहे, नाहीतर सुटलेली लव ओली होऊन खाली दबून बसते. आणि ताई, कोल्हापुरात खरी परीक्षा जूनपासून पुढे असते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे या दाट लवेच्या तळाशी राहिलेला ओलावा कसा वाळणार? वरून हात लावला तर कुत्रा कोरडा वाटतो आणि आत कातडी भिजलेलीच असते. तिथे रातोरात ओला, चिघळलेला चट्टा पडतो. फिरून आल्यावर जुन्या पंचाने केस उलटे फिरवून पुसा, बोटांच्या बेचक्या पुसा, आणि सवय असेल तर कोमट हवेचा ड्रायर दुरून फिरवा. भर पावसाळ्यात महिन्याभराऐवजी दीड महिन्याने आंघोळ घातली तरी चालेल.

मुलीच्या खोकल्याबद्दल घरात झालेल्या खात्रीला मी हळुवारपणे आव्हान देऊ इच्छितो. कुत्र्यामुळे होणारी ॲलर्जी त्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. केस ती प्रथिने इकडून तिकडे नेतो इतकेच. त्यामुळे मोतीला भादरले तरी ॲलर्जी असेल तर ती राहील, आणि त्याला शेतावर पाठवले तरी ते सूक्ष्म कण गाद्या-पडद्यांत काही महिने रेंगाळतील. रात्रीचा खोकला भिंतीच्या ओलीवरची बुरशी, जुन्या गादीतले धुळीतले किडे किंवा बंद खोलीतला उदबत्तीचा धूर यांनीही येतो, आणि तो बालदम्याचा पहिला इशाराही असू शकतो. म्हणून तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, घरात कुत्रा असल्याचे सांगा आणि ते सांगतील ती चाचणी करा. तोपर्यंत आजपासूनच मोतीला तिच्या झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नका आणि तिची चादर दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. ॲलर्जी तीव्र निघाली, श्वासाचा त्रास झाला, तर मुलीचे आरोग्य आधी; त्या वेळी मी स्वतः तुम्हाला मोतीसाठी चांगले घर शोधा असे सांगेन. पण तो निर्णय तपासणीनंतरचा आहे. केस पोटात गेल्याने काही होते ही भीती मात्र सोडा, गिळलेला एखादा केस तसाच बाहेर पडतो. जपायचे ते जंतांच्या अंड्यांपासून, आणि त्यासाठी मोतीला डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, साधारण दर तीन महिन्यांनी, जंताचे औषध द्या आणि मुलीला जेवणाआधी हात धुण्याची सवय लावा.

सासूबाईंचे दुःख मला समजते. नैवेद्यात केस सापडणे ही त्यांच्यासाठी नुसत्या अस्वच्छतेची बाब नाही. त्यांना कुत्र्याचा तिटकारा आहे असे मात्र तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही; त्यांची तक्रार ताटातल्या केसाची आहे, आणि तिचे उत्तर देता येते. स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या दारांना गुडघ्याच्या वर येईल अशी जाळीची किंवा फळीची अडसर लावा आणि मोतीला ती हद्द शिकवा. चार वर्षांचा लॅब्रॅडोर हे दोन-तीन आठवड्यांत शिकतो. कोरड्या झाडूने केस हवेत उडून पुन्हा दुसरीकडे बसतात, म्हणून आधी ओलसर पोछा फिरवा. सोफा आणि सतरंजीवर भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवला की केसांची वळकटी होऊन निघते. मोतीला बसण्यासाठी धुता येईल अशी एक ठरावीक गोधडी ठेवा. हे बदल करण्याआधी सासूबाईंशी बसून बोला आणि देवघराची हद्द त्यांनाच ठरवू द्या.

शेतावर पाठवण्याबद्दल थोडक्यात लिहितो. दिरांचा हेतू चांगला आहे, पण चार वर्षे माणसांच्या पायांशी झोपलेल्या कुत्र्याला मोकळ्या रानात सुख वाटेल हा आपला समज आहे. बहुतेक वेळा असा कुत्रा तिथे साखळीला राहतो. उसाच्या शेतात साप आणि गोचीड असतात, आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या गावांत बिबट्या कुत्री उचलतो हे तिथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. केसांसाठी एवढी जोखीम घेऊ नये.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण पत्राच्या प्रत्येक ओळीतून दिसते. पहाटे तुम्ही झाडता, केस तुम्ही वेचता, सासूबाईंचे बोलणे तुम्ही ऐकता, आणि मोतीला आणले तुमच्या यजमानांनी. मला वाटते, तुम्ही केसांना जितक्या कंटाळला आहात त्याहून अधिक या एकटेपणाला कंटाळला आहात, आणि ते अगदी रास्त आहे. त्यांनी भादरण्याचा उपाय सुचवला, म्हणजे त्यांनाही हा प्रश्न सुटावा असे वाटते. मग ब्रश त्यांच्या हातात द्या. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर गच्चीवर पंधरा मिनिटे विंचरणे हे त्यांचे काम, आणि गोधडी धुणेही त्यांचेच, असे स्पष्ट ठरवा. मुलीची तपासणी नीट आली तर रविवारी ती वडिलांच्या शेजारी बसून पांढऱ्या कागदाची परीक्षा करू शकेल. तुम्ही महिनाभर ब्रशला हात लावू नका, एखाद्या दिवशी राहून गेले तरीही.

या आठवड्यात मोतीची एकदा तपासणी करून घ्या, म्हणजे आजार आहे की नाही हा प्रश्न निकाली निघेल. जाताना तो सध्या काय काय आणि किती खातो ते कागदावर लिहून न्या, शेवटचे जंताचे आणि गोचिडांचे औषध कधी दिले ती तारीख न्या, आणि आदल्या संध्याकाळी विंचरून निघालेले केस न धुता-पुसता तसेच एका कोऱ्या पाकिटात घालून बरोबर घ्या. त्याला दवाखान्यात नेण्याआधी दोन दिवस आंघोळ घालू नका. कातडीवर जे आहे ते डॉक्टरांना जसेच्या तसे दिसले पाहिजे.